दाब उतरला

दाबाचा काटा झरझर खाली आला आणि फिटरने टाळ्याच पिटल्या. "साहेब, कमाल केलीत! पडदे अगदी नव्यासारखे!"

सांडपाणी केंद्राचा प्रमुख कितीतरी दिवसांनी हसला. गाळणीच्या पडद्यांवर चिकट थर बसला होता. पंपाला पाणी ओढवत नव्हतं, काटा रोज वर चढत होता. आज त्याने पडदे धुण्याचं औषध नेहमीपेक्षा कडक केलं होतं. एरवी तो ताकही फुंकून पिणारा माणूस. पण आजची सकाळच तशी उगवली होती.

मुलगा तापाने गेला तेव्हापासून बायको घरात असून नसल्यासारखी होती. जेवण नाही, बोलणं नाही. बोललीच तर एकच, "त्याला आधी का नाही नेलंत दवाखान्यात?" तो मान खाली घालून कामावर निघायचा, आणि आपण पळतोय हे त्याला कळायचं.

आज मात्र तिने उठून केस विंचरले, चहा केला, डबा भरून दिला. दारापर्यंत येऊन म्हणाली, "लवकर या हं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. देव पावला, असं वाटून तो जिना उतरला होता.

"आता गुमान वाहा लेकांनो," त्याने पडद्यांना दम भरला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाई गाळलेल्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. पाणी गढूळ होतं.

"अहो, पण दाब तर उतरलाय," फिटर म्हणाला.

"उतरणारच. पडदा फाटलाय. आता अडवायला काही उरलंच नाही."

प्रमुखाने ग्लास उजेडात धरला. औषध जास्त झालं की पडदा फाटतो आणि काटा असाच खाली येतो, हे तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. आज आनंदाच्या भरात स्वतःच विसरला होता. त्याने पंप बंद करायला सांगितलं. मग एकाएकी त्याला सकाळचे बायकोचे कोरडे डोळे आठवले. त्याने घरी फोन लावला.

बायकोने लगेच उचलला.

"काय करतेयस?" त्याने जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"हळू बोला ना," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."