चापड्याची खळी

कुरियन फाटकाशी दिसला तसा विद्याधर खुर्ची सरकवून सुनीतीच्या बरोबर समोर बसला. आज त्याला बायकोचा चेहरा नीट पाहायचा होता.

अंदमानच्या रानातला विषारी चापडा उंदराची ऊब काळोखातही पाहतो, तो डोळ्याखालच्या खळीने. हे साप पकडायला सोपं जावं म्हणून सुनीतीने आणि तिच्या या सहकाऱ्याने गालांवर तशाच खळ्या बसवून घेतल्या होत्या. तेव्हापासून कुणी नुकत्याच सोडलेल्या खुर्चीतली ऊब पाहूनही दोघं हसत सुटायचे. विद्याधरने कारण विचारलं, की ती म्हणायची, "तुला नाही दिसायचं रे."

गेल्या आठवड्यात त्यानेही खळ्या बसवून घेतल्या. "मलाही बघू दे की तुमची गंमत," एवढंच तो तिला म्हणाला होता.

"या साहेब, आलात शेवटी आमच्या वारुळात," कुरियन बसता बसता म्हणाला.

सुनीती हसली. तिने कुरियनच्या हातात चहाचा कप दिला, त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. विद्याधर तिच्या गालांवरून नजर हलवत नव्हता. तिथली ऊब जराही वाढली नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग तिने मान वळवली. त्याचे पेटलेले कान, तापलेलं कपाळ तिने सावकाश पाहून घेतलं.

"एवढ्यासाठी करून घेतलंस होय?"

"छे, काहीतरीच काय," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून थंड होत गेला.