सहावे माप

"एक सेआ म्हणजे पाच काब," असे सांगत डॉ. रणपिशांनी काबाच्या लहान भांड्यातले जव सेआच्या मातीच्या घटात ओतले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. बायबलकालीन धान्यमापांवरील त्यांच्या ग्रंथाचे आज प्रकाशन होते. उत्खननातल्या नमुन्यांवरून ही मापे घडवून घेतली होती त्यांच्या विद्यार्थिनीने, अनुग्रहाने. ग्रंथातले संशोधनही तिचेच होते. मुखपृष्ठावर सोडा, आभारांतही तिचे नाव नव्हते.

पाचवा काब ओतला, तरी घट भरला नाही. पहिल्या रांगेतले चर्चचे वृद्ध पाळक हसले. "काय हो डॉक्टर, उरलेले जव वाटेत उंदरांनी खाल्ले काय?"

रणपिशांनी घट हलवून पाहिला. मग मागे उभ्या असलेल्या अनुग्रहाला दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, तुझ्या कोष्टकात पाचच होते ना?"

तिने ध्वनिक्षेपक घटाजवळ ओढला.

"तुमच्या हाती लागलेल्या कोष्टकात पाच होते, सर. काल विद्यापीठाला सादर केलेल्या माझ्या प्रबंधात सहा आहेत. घरात दोन मापे बाळगू नयेत, ही बायबलमधली आज्ञा मी एकदाच मोडली. उचलून नेणारा कधी मोजून पाहत नाही, याची मला खात्री होती."

तिने सहावा काब सावकाश ओतला. घट काठोकाठ भरला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत; जव पडल्याचा आवाज तेवढा शेवटच्या रांगेपर्यंत गेला.