पंधराव्या नंबरचा नियम

समजा हं, एका दारावर पहारेकरी उभा आहे. हातात नियमांची यादी. कोणी आलं की तो वरून एकेक नियम वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतो. तिथे ‘हो’ असेल तर आत, ‘नाही’ असेल तर माघारी. खालचं तो वाचतच नाही. दिसला?

चेन्नईजवळच्या तांबरमच्या एका कॉलेजात असाच पहारेकरी एका काळ्या, चपट्या खोक्यात राहत होता. त्याला स्विच म्हणत; कुठल्या कॉम्प्युटरला इंटरनेटवर सोडायचं, ते तोच ठरवायचा. त्याचे नियम लिहायची हरिणीची अम्मा, शशिकला. दहा : प्राचार्यांचा कॉम्प्युटर, हो. वीस : वसतिगृहाचे कॉम्प्युटर, व्हिडिओ नाही, परीक्षा होत्या ना! तीस : बाकी सगळे, हो.

“दहा, वीस, तीस? अम्मा, तुला एक-दोन-तीन येत नाही?” हरिणी सकाळीच हसली होती. धाकट्या भावासाठी, तरुणसाठी, तिने आपल्या सायकलवर कागद चिकटवला होता, तो कसा नीट होता : १. हरिणी, हो. २. तरुण, नाही.

आता अकराला पाच मिनिटं होती आणि अम्माला घाम फुटला होता. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कामाक्षी पाट्टी, म्हणजे आजी, नवी साडी नेसून कोठीतल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. सिंगापुरात त्यांच्या नातीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, अकराला सुरू होणार होतं आणि व्हिडिओवर दिसणार होतं. प्राचार्यांनी परवानगी दिली होती, अम्माने नियमही घातला होता. तरी पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

“शशी, तोवर सांबार ढवळून येऊ का गं?” पाट्टी म्हणाल्या. आवाज मात्र रडवेला झाला होता. “नात काही माझ्यासाठी थांबायची नाही.”

हरिणीने अम्माच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. घाईत अम्माने आकडाच दिला नव्हता, म्हणून स्विचने नवा नियम आपणच शेवटी टाकला होता. चाळीस : कोठीचा कॉम्प्युटर, हो.

“अम्मा, कोठी वसतिगृहातच ना? मग तो विसावरच थांबतोय. चाळिसापर्यंत येतोय कुठे?”

“अय्यो!” अम्माने चाळीस पुसला. दहा आणि विसाच्या मध्ये जागाच जागा होती. पंधरा : कोठीचा कॉम्प्युटर, हो.

घुंगरू वाजले.

“बघ, बघ, मान कशी टाकते! अगदी माझी!” पाट्टींनी पदर डोळ्यांना लावला. सांबार थोडं लागलंच.

संध्याकाळी तरुण सायकलपाशी घुटमळला. हातात मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पुडी. “अक्का, एकच फेरी?”

हरिणीने कागद पाहिला. एक आणि दोनच्या मध्ये घालायला आकडाच नव्हता. तिने तो सोलून काढला, उलटा केला आणि लिहिलं : १०. हरिणी, हो. २०. तरुण, नाही.

मग एक मुरुक्कू तोंडात टाकून तिने मधल्या मोकळ्या जागेत लिहिलं : १५. मुरुक्कू आणणारा, हो.