सातव्या सीझनचं हरीण

“आधी उतर,” मेबल म्हणाली.

बेसिलने ब्रेक दाबला होता, पण तो एटीव्हीवरून, म्हणजे रानात चालवायच्या त्या उघड्या चारचाकी मोटरसायकलवरून, उतरला नव्हता. चाळीस पावलांवर, कच्च्या रस्त्याच्या उजव्या अंगाला, बर्चच्या झाडांमध्ये हरीण उभं होतं. नर. दोन्ही शिंगांना तीन-तीन फाटे. गेली सात वर्षं नोव्हेंबर आला की बेसिल कॅनडातल्या व्हिटबीहून तीन तास गाडी हाणत या सरकारी रानात यायचा. इतकं जवळ आणि इतकं निवांत हरीण त्याला एकदाही भेटलं नव्हतं. आणि आज शिकारीच्या सीझनचा शेवटचा दिवस होता.

“बंदूक दे,” तो कुजबुजला.

“इंजिन बंद कर.”

त्याची बायको मेबल या वर्षी पहिल्यांदाच सोबत आली होती. बेसिलचा नेहमीचा जोडीदार गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होता आणि बेसिलने एकट्याने रानात जाणं तिला मंजूर नव्हतं. एका इन्शुरन्स कंपनीत तिने एकतीस वर्षं क्लेम तपासले होते. छापील कागद अर्धवट वाचून सोडणं तिला ठाऊकच नव्हतं. मोटेलमध्ये बेसिल घोरत असताना तिने शिकारीच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. बंदूक रिकामी करून, कव्हरमध्ये घालून, चेन लावून तिनेच ती एटीव्हीच्या मागच्या सीटजवळ बांधली होती.

“मेबल, ते पळेल.”

“पळू दे. एटीव्हीवर भरलेली बंदूक चालत नाही. एटीव्हीवर बसून गोळी झाडता येत नाही. उतर, रस्ता सोडून बाजूला हो, मग भर.”

“इथे कोण बघतंय आपल्याला?”

“हरीण गेलं तर दुसरं येईल, बेसिल. लायसन्स गेलं तर येणार नाही.”

बेसिलने हरणाकडे पाहिलं. मग त्याला त्याचा मेव्हणा डेस्मंड आठवला. दर वर्षी सीझन संपला, की पहिल्याच रविवारी हा डेस्मंड चर्चच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत, फ्रोझन चिकनचं पाकीट त्याच्या हातात ठेवायचा. म्हणायचा, “घे, तुझी शिकार.” पहिल्या वर्षी बेसिलने वाऱ्याला दोष दिला होता. दुसऱ्या वर्षी दुर्बिणीला. नंतर पावसाला, पाठदुखीला, एकदा तर चक्क कॅनडाच्या सरकारला. यंदा सांगायला काही उरलं नव्हतं.

तो उतरला. इंजिन बंद झाल्यावर रानात इतकी शांतता पसरली, की कव्हरची चेन उघडताना कापड फाडल्यासारखा आवाज झाला. हरणाने नुसती शेपटी हलवली. बेसिल वाकून रस्त्यावरून खाली उतरला. चिखलात त्याचा बूट अडकला, तो त्याने ओढून काढला. गोळ्यांचा डबा उघडला. एक गोळी खाली पडली, ती पाचोळ्यात शोधली. हरणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच पाहत राहिलं.

मेबल सीटवर बसून होती. तिने गळ्यातल्या क्रूसाला हात लावून मनातल्या मनात प्रार्थना केली. हरीण मिळावं म्हणून की पळावं म्हणून, हे तिचं तिलाही नक्की ठरवता येईना.

बेसिलने बंदूक खांद्याला लावली. गोळी सुटली. कुठूनतरी दोन कावळे उडाले. हरीण हललं नाही.

त्याने दुसरी गोळी झाडली. हरणाने शेपटी हलवली.

“बहिरं आहे का ते?” मेबलने विचारलं.

तेवढ्यात झुडपांमागून हिरव्या युनिफॉर्ममधली एक तरुण बाई बाहेर आली. ती वन्यजीव खात्याची कॉन्झर्वेशन ऑफिसर होती. तिच्या हातात खेळण्यातल्या गाडीचा असतो तसा रिमोट होता. तिने बटण दाबलं आणि हरणाची मान सरळ झाली.

बेसिलने बंदूक रिकामी करून खाली ठेवली. ऑफिसरने लायसन्स पाहिलं, एका हरणाच्या परवानगीचा टॅग पाहिला, एटीव्हीची नंबरप्लेट पाहिली. मग ती अगदी आदराने म्हणाली, “सर, नियम मोडणारे पकडायला चार दिवस आम्ही हे नकली हरीण घेऊन इथे बसलोय. नऊ जण आले. नऊच्या नऊ जणांनी सीटवर बसूनच गोळी झाडली. जप्त केलेल्या नऊ बंदुका माझ्या ट्रकमध्ये आहेत. खाली उतरलेले तुम्ही पहिले.”

मेबलने हेल्मेटचा पट्टा नीट केला.

ऑफिसर हरणाजवळ गेली. तिने त्याच्या अंगावरून हात फिरवला, पलीकडच्या बाजूनेही पाहिलं, मग मान वर करून मागच्या झाडाकडे पाहिलं. दोन्ही गोळ्या तिथे होत्या, जमिनीपासून चांगल्या दहा फुटांवर.

“आणि नेम चुकलेलेही तुम्हीच पहिले,” ती म्हणाली.

दोघं ट्रेलरपाशी परत आले. एटीव्ही ट्रेलरवर चढवून झाली. बेसिल एका बाजूने पट्टा आवळत होता, मेबल दुसऱ्या बाजूने. मग तिने विचारलं, “डोळे का मिटलेस?”

“कधी?”

“दोन्ही वेळा. मी बघत होते.”

बेसिलने पट्टा आणखी आवळला. आवळायला तसं काही उरलं नव्हतं.

“दर वर्षी मिटतोस?”

त्याने पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून आत खोचलं.

“ते माझ्याकडे बघत होतं,” तो शेवटी म्हणाला.

“अरे, फायबरचं होतं ते.”

“हो,” बेसिल म्हणाला. “पण ते आपल्याला नंतर कळलं.”