सड्यावरची खबर

धाकू पाण्यातून वर आला, खोकला आणि म्हणाला, "पाणी थंड हाय."

काठावरची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. कारण पाणी खरंच थंड होतं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही साक्षीदारांसमक्ष, धाकूनं जे होतं तेच सांगितलं होतं. एरवी त्यानं खाडीत बुडी मारली असती, तर खाली नाकात नथ घातलेली मुशी मासळी बसलीय आणि तिनं घरच्यांची विचारपूस केली, एवढं तरी नक्की आणलं असतं वर.

रत्नागिरीहून आलेल्या पाळकांनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि काठावर खुर्चीत बसलेल्या आनंदीबाईकडं बघून हसले. धाकूची ही बायको पिढीजात ख्रिस्ती घरातली. लग्नापासून तिचं मागणं एकच: देवा, ह्यांची जीभ सरळ कर. धाकू बाप्तिस्मा टाळत म्हातारा झाला, तो आज कुठं त्यासाठी खाडीत उतरला. "ज्यानं घडवलं, त्यालाच मोडून पुन्हा घडवायचा अधिकार," असं पाळक उपासनेत सांगायचे. आनंदीबाई मनात म्हणायची, मग घे की मोडायला. थांबलायस कुणासाठी?

तसं धाकूचं खोटं कुणाच्या वाइटावर नव्हतं. हातखंब्याच्या तिठ्यावर बिबट्यानं त्याच्याकडं विडी मागितली होती. त्याच्या एका शिंकेनं गुहागरच्या किनाऱ्यावरचे नारळ पडले होते, तेही फक्त पिकलेले. वाडीतली माणसं हसायची, चहा पाजायची आणि आणखी मागायची. आनंदीबाईचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा एकुलता एक सर्वेश परदेशी बोटीवर स्वयंपाकी. वाडीत मोबाइलला रेंज नाही. वर सड्यावर, जांभ्याच्या कातळावर उभं राहिलं तरच आवाज येतो, आणि हिचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून दर शनिवारी धाकू फोन घेऊन सडा चढायचा आणि उतरताना पोराची खबर आणायचा. खबर कसली, कादंबरीच! सर्वेशनं केलेलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खाऊन रशियन कप्तान ढसाढसा रडला आणि मला दत्तक घे म्हणाला; तेव्हापासून त्याला सुट्टीवर घरी सोडीना. बोटीच्या वाटेत देवमासा आडवा झोपला होता. सर्वेशनं मराठीत दोन शिव्या घातल्या तेव्हा कुठं उठला.

"अवो, देवमाशाचं ऱ्हाऊ द्या," ती हसता हसता रडकुंडीला यायची. "पोरगा जेवला काय, तेवढं खरं सांगा."

"जेवला तर! ताट चाटूनपुसून."

मग चुलीपुढं बसून ती विचार करायची, ह्यातलं पोराचं किती आणि बापाचं किती? तांदळातले खडे काढावेत तशी ती एकेक थाप बाजूला काढायची. शेवटी हाताला चार दाणे लागायचे. जेवला. झोपला. आईला विचारलं. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

बाप्तिस्म्यानंतरचे दिवस वाडीला फार जड गेले. दारात आंबे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला धाकू म्हणाला, "आंबट हायत, घेऊ नका." शेजारीण गंगा नवी साडी दाखवायला आली, तर "तुला शोभत नाय गो" म्हणून मोकळा. पाळकांनी चांगला माणूस बिघडवला, असं लोक उघड बोलायला लागले. आनंदीबाई मात्र अंगणात राणीसारखी बसायची. फक्त एक होतं. धाकू सड्यावर जायचं नाव काढेना. विचारलं तर कोयता घेऊन परसात जाई.

मग एका शनिवारी तिनंच त्याच्या हातात फोन दिला.

"जावा आज. इतकी वर्सं तुमचं आयकलं. आज माझ्या पोराचं आयकायचं हाय. जसंच्या तसं."

तो गेला. दिवेलागणीला खाली उतरला. ती पायरीवर वाट बघत होती, शेजारी त्याच्यापुरती जागा ठेवून.

"काय बोलला सर्वेश?"

धाकूनं तोंड उघडलं. "बोटीवर…" म्हणाला आणि थांबला. माडांकडं बघून झालं, खाडीकडं बघून झालं. कुठूनही एक देवमासा येईना.

"आनंदी, फोन येत नाय गो," तो म्हणाला. "मी मुंबईला डोळे दाखवायला गेलेलो ना, ते डोळ्यांसाठी नव्हतं. बोटीच्या कंपनीनं बोलावलेलं. वादळात पोरगा पाण्यात पडला. मिळाला नाय. तीन वर्सं झाली. तवापासून मी वर जातो, कातळावर बसतो, आणि तुला काय सांगायचं ते जुळवून उतरतो."

तिनं हंबरडा फोडला नाही. पायरीच्या दगडावर तिची बोटं बराच वेळ काहीतरी निवडत राहिली. हाताला दाणा लागेना.

दुसऱ्या दिवशी उपासना उरकून पाळक आले, ते अंगणातूनच बोलत आले. धाकू आत भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"आनंदीबाई, आज उपासनेला दिसला नाहीत दोघं? अहो, सगळी मंडळी एकच बोलतेय, धाकू नवा माणूस झाला! देवानं तुमचं ऐकलं. पुढच्या रविवारी तुम्ही उठून साक्ष द्यायची. चालेल ना?"

आनंदीबाईनं त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली.

"आयकलान् हो देवानं," ती म्हणाली. "त्याचा अधिकार हाय. मोडलान्, घडवलान्. माझी तक्रार नाय. पण पाळकसाहेब, जुना नवरा होता तवर माझा सर्वेश जिता होता."