दुसऱ्या दगडापर्यंत

"यंत्र खोटं बोलत नाही, मीटरमास्तर," नव्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. "तुम्ही जुळवलेला प्रत्येक मीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो."

मास्तर नुसते हसले. गाड्यांचा वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे बरोबर जुळवण्यात त्यांची अख्खी हयात गेली होती. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उद्या त्यांचा निरोपसमारंभ, आणि आज ही बाई टेबलाएवढं यंत्र पुढे करून त्यांचं नाक कापायला निघाली होती.

"बाई, तुमचं यंत्र काल आलं," ते म्हणाले. "माझे दोन दगड मोजणीवाल्यांनी बसवलेले. मधे बरोबर एक किलोमीटर. या दगडापासून त्या दगडापर्यंत गाडी एका वेगात न्यायची, घड्याळ बघायचं आणि त्या हिशेबाने काटा जुळवायचा. दगड कधी चुकतो का?"

"मग उद्या समारंभाआधी टेप लावून ते अंतर मोजू. तुम्ही बरोबर निघालात तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन."

"आणि मी चुकलो तर?"

बाई यंत्राची वायर गुंडाळू लागल्या. वर्कशॉपमधले बाकीचेही आपापल्या कामात डोकं घालून बसले. मास्तरांच्या हातचं सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं, हे सांगायला कशाला हवं?

मास्तर मात्र शीळ घालतच घरी आले. बायको भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसून त्यांनी सगळं रंगवून सांगितलं.

"उद्या बाईंची चांगली जिरणार बघ."

"टेप लावणार?" तिने विचारलं. "अगदी दुसऱ्या दगडापर्यंत?"

"मग काय अर्ध्यावरून परत येणार? आणि तो दगड तर आपल्या घरचाच. तिथे तुझी चहाची टपरी नसती तर मी अजून सडाफटिंग असतो."

ही गोष्ट सांगायला मास्तरांना फार आवडायचं. नोकरीचा पहिला दिवस, रणरणतं ऊन. दगडापाशी गाडी थांबवली. टपरीवरच्या मुलीने चहा आणून दिला, तो उभ्याउभ्याच घशात ओतला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच दगडावर, झाडाखाली, ऐसपैस बसले. एका चहाचे दोन झाले, मग रोजचंच झालं. 'मी पटवली हिला,' असं ते चारचौघांत अजूनही ऐटीत सांगत.

बायकोने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

"अहो, समजा दगड थोडा अलीकडे असला, तर काटा वेग जास्त दाखवेल ना?"

"हो. का गं?"

"म्हणजे लोकांना वाटतं त्याहून गाडी हळूच चालते. त्यात कुणाचं वाईट नाही ना झालं?"

"वाईट कसलं? उलट चार जणांची हाडं वाचली असतील. पण तुला आज हे काय सुचतंय? दगडाला काय पाय फुटतात?"

"पाय नाही, पहार लागते," ती खाली बघतच म्हणाली. तिला मनापासून भीती वाटत होती, आणि हसूही आवरत नव्हतं. "दादाने आणि मी रेटला तो झाडाखाली."

मास्तरांनी तिच्या पुढ्यातली भाजी बाजूला सारली.

"कधी?"

"तुम्ही पहिला चहा उन्हात उभ्याने प्यायलात ना," ती म्हणाली, "त्याच संध्याकाळी."