गुरुवारची हिरवळ

गुरुवारी चार वाजता इंदुमतीकाकू भजनाला गेल्या आणि पाच मिनिटांनी हेमंत मेहंदीच्या कुंपणातून त्यांच्या आवारात शिरला.

चोरी करायला नव्हे. मागच्या व्हरांड्यातल्या पेटीतून त्याने भालचंद्रकाकांची गवत कापायची कात्री काढली, दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधली आणि दोरीच्या कडेकडेने हातभर रुंदीचा पट्टा कापला. काका कापायचे अगदी तसा. मग कात्री पुसून जागेवर ठेवली आणि आला तसा निघून गेला.

काकांना जाऊन तीन महिने झाले होते. टाउनशिपमधलं कोपऱ्यावरचं ते कंपनीचं क्वार्टर नियमाप्रमाणे काकूंकडे अजून दीड वर्ष राहणार होतं आणि वाटपाच्या यादीत पुढचं नाव हेमंतचं होतं. तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या आईचे गुडघे पार गेलेले. दिवाळीपासून ती जिना उतरलीच नव्हती. काकू घाबरून नागपूरला लेकीकडे निघून गेल्या असत्या, तर आईला निदान अंगणातल्या उन्हात बसता आलं असतं. त्याने एवढाच विचार केला होता. बायकोलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी बायकोच, कांचनच, बातमी घेऊन आली.

"काकू म्हणतात, काल काका येऊन गेले."

"घाबरल्या असतील," ताटातून नजर न काढता हेमंत म्हणाला.

"छे हो. चेहरा काय खुलला होता त्यांचा. म्हणाल्या, गवत वाढलं होतं, ह्यांना राहवलं नसेल."

पुढच्या गुरुवारी त्याने पेटी उघडली, तर कात्रीखाली चिठ्ठी होती. काकूंच्या अक्षरात. 'फाटकाची बिजागरी कुरकुरते. जमलं तर बघा.'

हेमंतने चिठ्ठी दोनदा वाचली. काकू नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या. चिठ्ठीतही तोच आदर होता. शेवटी त्याने बिजागरीला तेल घातलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मोरीतल्या गळक्या नळाची चिठ्ठी होती. गोविंदपुऱ्यातल्या दुकानातून वायसर आणून त्याने तोही दुरुस्त केला. आपण आलो कशासाठी आणि करतोय काय, हे त्याचं त्यालाच कळेना. आवार मात्र दर आठवड्याला थोडं थोडं काकांच्या वेळेसारखं दिसू लागलं होतं.

चौथ्या गुरुवारी तो कुंपणातून आत शिरला आणि थबकला.

कडुलिंबाखालची जागा कायम उघडी असायची. सावलीमुळे तिथे गवत धरायचंच नाही. आज तिथे हिरवळीचे चौकोन एकाला एक भिडवून बसवले होते. माती ओली होती. खुंट्या आधीच ठोकलेल्या, दोरी तारेसारखी ताणलेली. पेटीत चिठ्ठी नव्हती. त्याने कात्री उचलली आणि अंगठ्यातून रक्त आलं. मागच्या आठवड्यात बोथट असलेली कात्री कुणीतरी परजून ठेवली होती.

घराला कुलूप होतं. लांबून भजनातल्या टाळांचा आवाज येत होता.

हेमंत पळाला.

रविवारी सकाळी तो फाटकातून, सगळ्यांदेखत, काकूंकडे गेला आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जिना, आई, यादी, कात्री. काहीही लपवलं नाही.

काकूंनी ऐकून घेतलं. "बैस. चहा टाकलाय."

"काकू, तुम्ही रागावला नाहीत?"

"मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. ह्यांचा गुरुवारी उपास असायचा. गुरुवारी त्यांनी आयुष्यात कात्री हातात धरली नाही."

"मग त्या चिठ्ठ्या?"

"कामं अडली होती. तू करत होतास."

"आणि ती झाडाखालची हिरवळ?"

"मी लावली. करोंदकडच्या रोपवाल्याकडून मागवली आणि दोन दिवस गुडघ्यांवर बसून लावली. कात्रीलाही रस्त्यावरच्या धारवाल्याकडून धार लावून घेतली. म्हटलं, तू मला भिववतोस, तर तुलाही थोडं भिववावं." काकू पहिल्यांदा हसल्या. "लागलं का रे फार?"

हेमंतने अंगठा मुठीत लपवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सोमवारी मी ऑफिसात अर्ज देऊन आले," काकू म्हणाल्या. "होळी झाली की लेकीकडे जाते. एकटीने एवढ्या घराला काय करायचंय? आईला खाली घेऊन ये तू."

तो वाकून त्यांच्या पाया पडला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. चहा बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

"एकच बोलते, मनाला लावून घेऊ नकोस," काकू म्हणाल्या. "पाटीची एवढी घाई नको होती. मी अजून राहतेय इथे."

"कसली पाटी?"

काकू आत गेल्या आणि एक फळी घेऊन आल्या. "आज उजाडताच फाटकावर दिसली. चार लोकांनी बघण्याआधी मीच काढून ठेवली."

सागवानी फळी होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मधोमध खोल कोरलं होतं: हेमंत प्रभाकर पेंढारकर. अक्षरांत भरलेला काळा रंग अजून वाळला नव्हता. तो हेमंतच्या बोटांना लागला.

"अक्षर मात्र अगदी ह्यांच्यासारखं कोरलंस," काकू कौतुकाने म्हणाल्या.

हेमंतने फळी हळूच खाली ठेवली.

"काकू, मला लाकूड कोरता येत नाही."